खरी जीन ग्रे कुठली? अंगात आलेली की स्वतःच पेटलेली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लेकीसोबत २००६ चा आणि २०१९ चा असे दोन्ही एक्स-मेन सिनेमे बघितले, एकात जीन ग्रेच्या डोक्यात लहानपणापासून दुसरीच कोणीतरी बाई दडून बसलेली, दुसऱ्यात अंतराळातून झगझगीत लोळ येऊन तिच्यात शिरला, आणि मग कॉमिक्सचं वाचायला गेलात तर तिथे भलतंच, की फिनिक्स (जीनचं ते अफाट ताकदीचं रूप) म्हणजे जीन नव्हतीच मुळी, खरी जीन पाण्याखाली झोपलेली होती. आणि आता लेक पिच्छा सोडत नाहीये की यातली खरी कुठली. मी गेली वीसेक वर्षं स्टोरीबोर्ड काढते, म्हणजे कागदावरची गोष्ट शॉटमध्ये कशी तोडायची हेच माझं पोटापाण्याचं काम, आणि जीन ग्रे हे त्याच्याही आधीपासूनचं खूळ, फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवरून सुटे अंक उचलायचे तेव्हापासूनचं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळा घोळ एकाच गोष्टीचा आहे. फिनिक्स ही जीनची स्वतःची ताकद, की तिच्या अंगात आलेलं काहीतरी? आता अंगात येणं म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. अंगात आलेल्या बाईने जे काही केलं त्याचा जाब नंतर तिला कोणी विचारत नाही, शुद्धीवर आली की पाणी देतात, पदर नीट करतात आणि घरी नेतात. तर ज्या ज्या लेखकाने या प्रश्नाचं उत्तर बदललं त्याने खरं म्हणजे जाब कोणाला विचारायचा तेच बदललं, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सुरुवातीची जीन फार सांगण्यासारखी नाहीये. १९६३ ला स्टॅन ली आणि जॅक कर्बीने एक्स-मेनचा, म्हणजे जन्मतःच अचाट ताकदी असलेल्या 'म्युटंट' पोरांच्या टीमचा, पहिला अंक काढला तेव्हा ती पाच जणांतली एकटी मुलगी, नाव मार्व्हल गर्ल, मनाने वस्तू हलवायच्या एवढीच करामत, आणि बाकी पोरांनी तिच्याकडे बघत राहायचं. (तिसऱ्या अंकात तर खुद्द टीमचा गुरू प्रोफेसर झेवियर मनातल्या मनात तिच्यावर प्रेम असल्याची कबुली देतो, आपल्याच विद्यार्थिनीवर, तो पॅनल नंतर सगळ्यांनी मिळून गपचूप विसरून टाकला.) १९७५ ला नवीन टीम आली, वुल्व्हरिन, स्टॉर्म वगैरे, तेव्हा जीन चक्क टीम सोडून जाते. म्हणजे ती संपल्यातच जमा होती.

मग येतो १९७६ चा शंभरावा अंक. लेखक ख्रिस क्लेरमाँट, चित्रकार डेव्ह कॉक्रम. सगळे अंतराळात अडकलेत, परतीच्या शटलचं कवच फुटलंय, सूर्याचं वादळ येतंय, आणि कोणीतरी उघड्या कॉकपिटमध्ये बसून शटल खाली आणायला हवं. जीन स्वतःहून बसते. स्कॉट, म्हणजे सायक्लॉप्स, तिचा प्रियकर, तो अडवतो तर त्याला मनाच्या एका फटक्याने बेशुद्ध करून बसते. पुढच्या अंकात शटल न्यूयॉर्कला जेएफके विमानतळाला लागून असलेल्या जमैका बेच्या पाण्यात कोसळतं, आणि त्या पाण्यातून ती हिरव्या-सोनेरी पोशाखात वर येते, आता मी फिनिक्स म्हणून. पोशाखाचा किस्सा म्हणजे कॉक्रमला तो पांढरा-सोनेरी हवा होता, पण तेव्हाच्या स्वस्त कागदावर पांढऱ्या जागेतून मागच्या पानाची छपाई दिसायची म्हणून हिरवा झाला. आमच्या धंद्यात असले निर्णय रोज होतात आणि तीस वर्षांनी लोक त्या हिरव्या रंगाचा अर्थ शोधत बसतात.

तर या मूळ गोष्टीत फिनिक्स म्हणजे जीनच, मरणाच्या दारात जाऊन तिच्या आतलं जे काही होतं ते पूर्ण उघडलं, बस. पुढे १९८० ला क्लेरमाँट आणि जॉन बर्न यांनी १२९ ते १३७ अंकांत डार्क फिनिक्सची गोष्ट केली, सिनेमावाल्यांनी दोनदा हात घातला तो याच नऊ अंकांना. त्यात मास्टरमाइंड नावाचा एक भामटा देखण्या जेसन विनगार्डचं रूप घेऊन जीनच्या मनात शिरतो, तिला अठराव्या शतकातल्या कुठल्यातरी गढीतल्या आयुष्याचे भास दाखवतो, त्यात ती त्याची बायको असते, नोकरचाकर, शिकारी, मेजवान्या. आणि बारकाई बघा, त्या भासात तिला मजा येते. तो तिला ढकलतो हे खरं, पण पुढे ती त्याच्या तावडीतून सुटल्यावर, त्याला वेडा करून टाकल्यावर, स्वतःच्या भुकेने निघते. एक तारा गिळते. त्या ताऱ्याभोवती डी'बारी लोकांचा ग्रह असतो, पाच अब्ज जीव, भाजीसारख्या डोक्याचे साधे प्राणी, आणि बर्नने आपल्याला क्षणभर थेट त्यांच्या जमिनीवर उभं केलंय, लोक वर आकाशात बघतायत की सूर्याला झालं काय. मग काहीच नाही. ते पान मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हिरोइनने असं केलेलं मी कुठेच वाचलेलं नव्हतं, चूक म्हणून नाही, अपघात म्हणून नाही, भूक लागली म्हणून.

आता गंमत अशी की मूळ योजनेत ती मरणारच नव्हती. शिआर नावाचं परग्रही साम्राज्य तिच्या मेंदूवर एक प्रकारची शस्त्रक्रिया करून ताकद काढून घेणार आणि ती साधी माणूस होऊन घरी येणार असा शेवट होता, पानंही काढून झाली होती, १९८४ ला तो शेवट वेगळा छापूनसुद्धा आला. पण मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला, की पाच अब्ज मारलेत आणि हिला शिक्षा काहीच नाही? शेवट बदला. मग घाईघाईने तो शेवट लिहिला गेला जो आज सगळ्यांना माहितीये. चंद्रावर, शिआरच्या सैनिकांशी लढताना, फिनिक्स परत उसळी मारते, जीनला कळतं की आता आयुष्यभर एक क्षणही बेसावध राहता येणार नाही, एकदा डुलकी लागली की परत एखादा ग्रह. ती स्कॉटला मनाच्या ताकदीने जागेवर धरून ठेवते, निरोप घेते आणि एक प्राचीन शस्त्र स्वतःवरच चालवते. स्कॉटला नंतर उमजतं की लढाई सुरू झाल्यापासूनच तिच्या डोक्यात ही जागा, हे शस्त्र, सगळं पक्कं होतं. म्हणजे गुन्हा तिचा, शिक्षा तिची आणि ठरवणारीही तीच. आणि हे आलं कुठून तर वरून आलेल्या संपादकाच्या हट्टातून, त्यामुळे मी कधी कधी क्लायंटच्या बदलांवर चिडते तेव्हा शूटर आठवून गप्प बसते. कधी कधीच.

मग १९८६. पहिल्या पाच एक्स-मेनना घेऊन नवीन मासिक काढायचं होतं, एक्स-फॅक्टर, आणि पाचवी मेलेली. शूटरची अट होती की जीनला आणायचं तर ती निर्दोष पाहिजे. कर्ट ब्युसिक नावाच्या तेव्हाच्या नवख्या पोराने सुचवलेली आयडिया फिरत फिरत बर्नपर्यंत आली आणि तीच वापरली गेली, की शटलमध्ये मरत असलेल्या जीनची फिनिक्स नावाच्या वैश्विक शक्तीने हुबेहूब नक्कल केली आणि खरी जीन जमैका बेच्या तळाशी एका कोशात ठेवून दिली. तारा गिळला नकलीने, चंद्रावर मेली नकली, खरी बिचारी दहा वर्षांच्या अंकांत झोपूनच होती. आपल्याला हे चटकन कळतं कारण आपल्याकडे ही युक्ती फार जुनी आहे. अध्यात्म रामायणात रावण पळवून नेतो ती छायासीता, खरी सीता अग्नीकडे सुखरूप असते आणि अग्निपरीक्षेच्या वेळी अदलाबदल होते. हेतूही तोच, बाईवर डाग नको. पण डाग पुसताना तिने जे जे केलं, भोगलं, ठरवलं तेही पुसलं जातं ना, चंद्रावरचा तो निर्णय आता जीनचा राहिलाच नाही. क्लेरमाँटला हे अजिबात रुचलं नव्हतं, आणि त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याने मधल्या काळात स्कॉटचं मॅडलिन प्रायर नावाच्या, जीनसारख्याच दिसणाऱ्या मुलीशी लग्न लावून दिलं होतं, बाळ झालेलं होतं, आणि जीन परत आल्याचं कळताच हा बायको-पोराला टाकून पळतो. स्कॉटची अब्रू तेव्हा गेली ती गेलीच. मग मॅडलिनचं काय करायचं म्हणून तिला जीनचा क्लोन ठरवलं, वेडी केलं, मारलं. एका बाईला सोज्वळ करायला दुसरीचा बळी, यावर तर वेगळं लिहावं लागेल.

त्यानंतर कॉमिक्समध्ये जीन येते जाते. ग्रँट मॉरिसनने २००१ ते २००४ मध्ये तिला आणि फिनिक्सला परत जवळजवळ एकच केलं आणि 'न्यू एक्स-मेन' या वेगळ्या मासिकाच्या १५० व्या अंकात मारलं, २०१२ ला काळातून उडी मारून विशीच्या आतली जीन आली जिला स्वतःचं पुढचं मरण आधीच कळतं, २०१७-१८ ला मोठी जीन परतली आणि तिने फिनिक्सला सरळ सांगितलं की आता मला सोड. हे एवढंच पुरे, प्रत्येकाच्या मागे लागलात तर लेकीची दहावी होऊन जाईल.

आता सिनेमे. २००० च्या पहिल्या सिनेमात फॅम्के जॅन्सेनची जीन मोठी, शांत, डॉक्टर, जी ती कॉमिक्समध्ये कधी नव्हती. २००३ च्या दुसऱ्या सिनेमाचा शेवट मला अजूनही आवडतो, धरण फुटलंय, विमान सुरू होत नाहीये, ती गुपचूप खाली उतरते, एका हाताने पाणी अडवते, दुसऱ्याने विमान उचलते आणि पाणी अंगावर घेते. शंभराव्या अंकातलं शटल त्यांनी विमान आणि धरण करून टाकलं पण गाभा तोच राहिला, ती स्वतःहून बसते. याला मी चांगलं रूपांतर म्हणते, एकही पॅनल उचललेला नाही आणि सगळं आलंय.

२००६ ला मात्र गाडी घसरली, आणि कुठे घसरली ते मला एका सीनवरूनच दाखवता येईल. १३२ व्या अंकात जीन आणि स्कॉट न्यू मेक्सिकोत एका उंच सुळक्यावर बसलेत. स्कॉटच्या डोळ्यांतून सतत विध्वंसक किरण निघतात, लाल चष्मा काढला की समोरचं सगळं उद्ध्वस्त, त्यामुळे त्याने जीनला कधी उघड्या डोळ्यांनी बघितलेलंच नाही. जीन हात पुढे करते आणि तो चष्मा काढते. तो घाबरतो. आणि काहीच होत नाही, किरण तिने आत धरून ठेवलेत, किती सहज, बोलता बोलता. एवढ्या ताकदीचा त्या अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर वापर हा आहे, प्रियकराचे डोळे बघणं. २००६ च्या सिनेमात हाच सीन आहे! तळ्याच्या काठी जीन परत येते, चष्मा काढते, आता मी आवरू शकते म्हणते, तो डोळे उघडतो, दोघं जवळ येतात, मग तिचा चेहरा बदलतो, त्याच्या कातडीखाली काहीतरी सरपटतं, कट. स्कॉट संपला, तोही पडद्याबाहेर, नंतर फक्त हवेत तरंगणारा चष्मा सापडतो. बोर्ड काढणाऱ्याच्या नजरेने बघा, हात तोच, चष्मा तोच, चेहऱ्यावरचा क्लोजअपही तोच, पण कॉमिकमध्ये ते तिच्या आवाक्याचं चित्र आहे आणि सिनेमात ते सापळ्याचं चित्र झालं. ताकदवान बाई जवळ आली की समजावं घात आहे, एवढाच अर्थ उरला. (स्कॉट इतक्या लवकर का गेला तर जेम्स मार्सडन त्याच वर्षीच्या सुपरमॅनच्या सिनेमातही होता, त्याच्या तारखांचं गणित यामागे होतंच.)

त्या सिनेमात झेवियरने लहान जीनच्या मनात बांध घातलेले असतात आणि त्यामागे दुसरं व्यक्तिमत्त्व तयार झालेलं असतं. बांधाची गोष्ट कॉमिक्समधूनच आलीये, १९८१ च्या एका कथेत दहा वर्षांच्या जीनची मैत्रीण ॲनी गाडीखाली येते आणि जीन तिचं मरण तिच्या मनातून अनुभवते, मग झेवियर तिची मन वाचायची ताकद काही वर्षं झाकून ठेवतो. ती एका दुखावलेल्या पोरीवरची फुंकर होती, सिनेमाने त्याचा आजार केला. आणि मग आजारी बाईचं काय करायचं हे ठरवायला पुरुष मोकळे, झेवियर तिला आवरू बघतो, खलनायक मॅग्नेटो वापरू बघतो, लोगन, म्हणजे वुल्व्हरिन, शेवटी पोटात पंजे खुपसतो. कॉमिकमध्ये वुल्व्हरिनवर नेमकी हीच वेळ आलेली असते बरं का, डार्क फिनिक्स त्याच्या तावडीत सापडते, क्षणभर आतली जीन वर येते आणि म्हणते मार मला, आणि त्याच्याने होत नाही. हात थांबतो. म्हणून तर पुढे तिला स्वतःलाच ते करावं लागतं. सिनेमाने तो थांबलेला हात चालवला आणि चंद्रावरचा सीन गेला तो तिथेच. वर १०४ मिनिटांत जीनची गोष्ट आणि म्युटंटांवरच्या औषधाची गोष्ट, जी २००४ च्या वेगळ्याच कॉमिकमधली, अशा दोन गोष्टी कोंबलेल्या, त्यामुळे शेवटच्या भागात जीन बराच वेळ मॅग्नेटोच्या मागे नुसती उभी आहे. खरंच मोजा, बघताना लक्षात येईल. सिनेमा चालला तरी, जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलर.

२०१९ चा सिनेमा सायमन किनबर्गने लिहिला आणि दिग्दर्शितही केला, जो २००६ च्या दोन लेखकांपैकी एक होता, म्हणजे चूक दुरुस्त करायची ही दुसरी संधी. सोफी टर्नर यात वाईट नाहीये, तिला करायलाच काही दिलं नाही. १९९२ साल, शटल वाचवताना ती तो लोळ अंगावर घेते, इथपर्यंत शंभराव्या अंकाच्या जवळ. पण मग तारा नाही, भूक नाही, पाच अब्ज नाहीत, तिच्या हातून टीममधलीच मिस्टीक मरते आणि तीही झटापटीत, चुकून. आणि डी'बारी आठवतायत ना, ज्यांचा सूर्य गिळला ते गरीब लोक? ते इथे रूप बदलणारे खलनायक आहेत! ज्यांचा बळी गेला त्यांनाच गुन्हेगार केलं म्हणजे हिरोइनचे हात आपोआप स्वच्छ. शेवट ती स्वतः ठरवते हे मान्य करायला हवं, पण तो शेवट पुन्हा शूट करून बसवलेला आहे आणि शिवण दिसते, शिवाय ती ज्वाळा होऊन गेल्यावर सिनेमा कोणाकडे जातो तर पॅरिसच्या कॅफेत बुद्धिबळ मांडून बसलेल्या चार्ल्स आणि एरिककडे, म्हणजे झेवियर आणि मॅग्नेटोकडे. ती वर आकाशात एक ठिणगी. हा २५ कोटी डॉलरच्या आसपास अडकला आणि पडला.

हे मी एवढं तावातावाने का लिहितेय तर माझ्याही वाट्याला हे आलंय. काही वर्षांपूर्वी एका पौराणिक ॲनिमेशन मालिकेचे बोर्ड करत होते, देवीच्या क्रोधाचा एपिसोड होता, मी तिला रागावताना दाखवलं, सरळ, डोळे कॅमेऱ्यात, मागे कोणी नाही. बोर्ड परत आले, शेरा असा की आधी एक शॉट टाका, असुर मंत्र म्हणतोय आणि काळा धूर देवीच्या नाकात जातोय, नाहीतर मुलांना ती वाईट वाटेल. देवीच्या नाकात धूर! दोन दिवस भांडले, मग काढून दिला धूर, बिल अडकलं होतं. त्यामुळे किनबर्गच्या खोलीत कोणत्या मीटिंगा झाल्या असतील याचा मला साधारण वास येतो.

हे टीव्हीवरच्या १९९२ पासूनच्या कार्टूनमध्येही झालं, १९९४ च्या सुमारास त्यांनी ही अख्खी गोष्ट बऱ्यापैकी इमानदारीने केली, हेलफायर क्लब नावाची खलनायकांची टोळी, चंद्र, शिआर सगळं, पण गिळलेल्या ताऱ्याभोवती कोणी राहतच नव्हतं असं करून टाकलं आणि शेवटी सगळ्यांनी आपला थोडा थोडा प्राण देऊन तिला जिवंत केलं. पण ते शनिवारी सकाळी पोरांसाठी होतं, त्यांना मी माफ करते, आणि एवढं कापूनही त्यातली जीन दोन्ही सिनेमांपेक्षा जीन वाटते कारण तिला बोलायला, प्रेम करायला, टीममध्ये नुसतं वावरायला वेळ मिळालाय. १९७६ ते १९८० अशी चार वर्षं वाचकांनी तिच्यासोबत काढली होती, मग ती बिघडल्यावर पोटात खड्डा पडला. दोन तासांत तो कसा पडणार, २०१९ ची जीन तर त्याआधी एकाच सिनेमात दिसली होती.

तर लेकीला काय सांगायचं. कायदेशीर उत्तर हवं असेल तर कॉमिक्समध्ये १९८६ चं चालतं, नक्कल वेगळी, जीन वेगळी, जरी नंतरच्या लेखकांनी नकलीच्या आठवणी आणि तिचा जीव जीनमध्ये परत ओतून ती रेघ पुसट केलीय. माझं उत्तर विचाराल तर १९८० ची. कारण तीच एकटी आहे जिला तुम्ही विचारू शकता, का केलंस गं असं, आणि तिच्याकडे उत्तर आहे.

वाचायला कुठून घ्यायचं तर १०० आणि १०१, मग १०७-१०८ मधला स्फटिकाचा प्रकार जिथे ती विश्व वाचवते, ते वाचल्याशिवाय पुढचं लागणार नाही, आणि मग सरळ १२९ ते १३७, एकत्र पुस्तक मिळतं. भाषा जुन्या वळणाची आहे, पात्रं उडता उडता परिच्छेदभर बोलतात, लेकीला चार पानं कंटाळा येईल, येऊ दे. आणि मधली माणसं कोण कोण ते कळत नसेल तर १३८ वा अंक आधी वाचला तरी चालेल, त्यात जीनच्या अंत्यविधीला उभा राहून स्कॉट १९६३ पासूनचं सगळं आठवत बसतो, फुकटात उजळणी. शेवट त्याने फुटतो म्हणाल, तर तो सिनेमांनी तुम्हाला तिकीट लावून दोनदा फोडलेला आहेच, तोही चुकीचा.